कोकण रेल्वेचं डिझेल इंजिन १:८७ मध्ये: पावसाळी मळ कसा चढवायचा?

जांभाकटिंग (कुडाळ)

नमस्कार मंडळी,

१:८७ मापाचं डब्ल्यूडीएम-३डी हाताशी आहे. बॉडी थ्रीडी प्रिंट केलेली, सांगाडा आणि मोटर विकतच्या इंजिनाची, रंग निळा-क्रीम. लेआउट (रुळांसकटचा लहान देखावा) सिंधुदुर्गातल्या एका लहान स्टेशनाचा: एक लूप, जांभ्याची कटिंग, फलाटावर पत्र्याची शेड. काळ २०१२ ते २०१५, म्हणजे वर विजेच्या तारा नाहीत. कटिंग आणि खडी मनासारखी जमली आहे, पण शेजारी इंजिन उभं केलं की ते आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं चकचकीत दिसतं.

एअरब्रश अजून घेतलेला नाही, तर ब्रश आणि पावडरींवर काम भागेल का? धुळीचा रंग कोणता धरायचा, जांभ्यासारखा तांबडा की खडीसारखा करडा? कामाचा क्रम काय ठेवायचा? आणि चाकांतून वीज घेणारं इंजिन आहे, तर या सगळ्यात ते अडखळायला लागू नये म्हणून काय सांभाळायचं? इथे हवेत इतकं बाष्प असतं की वार्निशचीही धास्ती वाटते.

---

शंटर६७

रंगाच्या आधी एक ठरवा: तुमच्या लेआउटवर महिना कोणता चालू आहे? कोकण रेल्वेवर पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं, आणि इंजिनाचा मळही वेगळा. मार्च-एप्रिलमधलं इंजिन खालून फिकट, कोरड्या धुळीचं असतं आणि माथ्यावर काजळीचा सलग मॅट थर असतो. जुलैमधल्या इंजिनाची बाजू उलट बरीच स्वच्छ असते, पावसाने धुतलेली. मळ सांध्यांत, दरवाजांच्या चौकटींत, खिळ्यांखाली अडकून राहतो आणि बोगीवर (म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) ओला, गडद, जागोजाग चमकणारा चिखल दिसतो. हे दोन्ही एकाच मॉडेलवर आले की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं. शेजारची कटिंग हिरवी असेल तर इंजिन पावसाळ्याचंच करा.

आता धुळीचा रंग. जांभ्याच्या कटिंगमध्ये उभं राहून पाहिलं की सगळं तांबडं वाटतं, पण इंजिनाच्या बोगीवर शुद्ध तांबडा रंग कधी नसतो. तिथे चार गोष्टी मिसळतात: चाक आणि रुळाच्या घर्षणातून निघालेली लोखंडाची बारीक पूड, ब्रेक ब्लॉकची पूड, ल्युब ऑइल, आणि खरी धूळ. शिवाय इंजिन फक्त कोकणात फिरत नाही. तुमच्या काळात या मार्गावर कल्याण आणि पुणे शेडची अल्को इंजिनं (तुमचं डब्ल्यूडीएम-३डी याच घराण्यातलं) नेहमीची होती. ती काळ्या बेसाल्टच्या मुलखातून येतात. म्हणून पाया मातकट तपकिरी धरा आणि तांबडा फक्त वरून, थोडा.

तामियाचे रंग वापरत असाल तर बोगी, बॅटरी बॉक्स आणि डिझेल टाकीसाठी एक्सएफ-५२ (मातकट) तीन भाग, एक्सएफ-६४ (तांबूस तपकिरी) एक भाग. पावसाळी इंजिनासाठी यात एक्सएफ-६९ (काळसर) एक भाग घाला, उन्हाळी असेल तर त्याऐवजी एक्सएफ-५७ (फिकट पिवळसर) एक भाग. मिश्रण पातळ करून दोन हात द्या. पूर्ण सुकल्यावर एक्सएफ-५७ मध्ये किंचित एक्सएफ-६४ घालून, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून, स्प्रिंगच्या कडा, अॅक्सल बॉक्सची झाकणं, ब्रेकचे दांडे यांच्यावरून हलकेच फिरवा. एवढ्याने बोगीचे तपशील उठून येतात. तांबडा पाहिजे तर तो फुटप्लेटच्या (इंजिनाच्या कडेने चालायच्या पत्र्याच्या) खालच्या पट्टीवर आणि पायऱ्यांच्या मागच्या पत्र्यावर पावडरीने द्या. वर चढताना हा रंग हुडच्या (इंजिन झाकणाऱ्या लांब पेटीच्या) तळाशी चार-पाच मिलिमीटरमध्ये विरून गेला पाहिजे. सरळ रेषेत थांबला तर ते धुळीऐवजी रंगवलेल्या पट्ट्यासारखं दिसतं.

माथ्याकडे या. अल्को इंजिनाचं थ्रॉटल उघडलं की टर्बो वेग घेईपर्यंत सिलिंडरला हवा कमी आणि तेल जास्त मिळतं, त्यातून तो ओळखीचा काळा धूर. त्यामुळे चिमणीच्या तोंडाशी काजळी दाट, तिथून हुडच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरत फिकी होत जाणारी. कोकणात बोगदे पुष्कळ, एकट्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. आत धुराला वर जायला वाट नसते, म्हणून इथल्या इंजिनाचा माथा टोकापर्यंत काळवंडलेला दाखवला तरी शोभतो. आणि पावसाळ्यात ही काजळी खाली ओघळते. हुडच्या वरच्या कडेपासून दरवाजांच्या सांध्यांवरून, अगदी बारीक, केसाएवढ्या उभ्या रेघा. प्रत्येक दरवाजावर सारख्या रेघा नकोत. तीन दरवाजांवर काहीच नाही, चौथ्यावर दोन, असं असू द्या.

बाकी जागा थोडक्यात: डिझेल भरायच्या तोंडाखाली ओला चमकदार डाग आणि त्याच्या कडेला चिकटलेली मॅट धूळ, वाळूच्या पेट्यांच्या तोंडाशी फिकट पिवळसर सांडलेलं, दरवाजांच्या कड्यांभोवती हातांचा तेलकट काळेपणा, पुढच्या काचेवर वायपरने पुसलेली स्वच्छ कमान. या कमानीसाठी मास्किंग टेपचा बारीक तुकडा कमानीच्या आकारात कापून काचेवर लावा, धूळ द्या, टेप काढा.

एअरब्रशशिवाय हे सगळं होतं. फक्त धुळीचा विरत जाणारा थर पावडरीने द्यावा लागतो आणि तो दोनदा द्यावा लागतो, का ते पुढे कोणीतरी सांगेलच.

---

अंबर_आणि_थिनर (रत्नागिरी)

वर शंटर६७ यांनी काय दिसलं पाहिजे ते सांगितलं. ते कशाने आणायचं ते मी लिहितो, कारण मॉडेलं खराब होतात ती बहुतेक थिनरमुळे.

पेंटच्या दुकानात नुसतं "थिनर द्या" म्हणालात तर बहुधा एनसी थिनर मिळेल. ते मॉडेलला अजिबात लावू नका. विकतच्या इंजिनाचं स्टायरीन किंवा एबीएस प्लास्टिक त्याने विरघळतं. बोगी-फ्रेमवरचे बारीक बोल्ट पाहता पाहता मऊ होऊन पसरतात. तुम्हाला हवं आहे ते मिनरल टर्पेंटाइन, दुकानात एमटीओ म्हणतात ते. ऑइल कलर आणि एनॅमल त्यात विरघळतात, नीट सुकलेल्या अॅक्रिलिकला ते धक्का लावत नाही. तरी बॉडी प्रिंट केलेली आहे म्हणून आतल्या बाजूला एक थेंब लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी नखाने घासून पाहा.

आता क्रम. बॉडी सांगाड्यावरून काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून मऊ ब्रशने धुवा, नाहीतर बोटांचं तेल राहिलेल्या जागी रंग धरत नाही. सुकली की अॅक्रिलिक ग्लॉस वार्निशचा पातळ हात. पुष्कळ जण थेट मॅटवर वॉश (खूप पातळ केलेला गडद रंग) देतात आणि मग सगळी बाजू डागाळते. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, वॉश तिथेच शोषला जातो. ग्लॉसवर तो घसरतो, आपोआप सांध्यांत आणि खिळ्यांभोवती जाऊन बसतो आणि वर राहिलेला पुसता येतो. ग्लॉस सुकायला उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन.

वॉशसाठी आर्टिस्ट ऑइल कलरच्या दोन ट्यूब पुरतात: बर्न्ट अंबर आणि लॅम्प ब्लॅक. पिवळसर धुळीसाठी तिसरी यलो ऑकर घ्या. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळून अर्धा-पाऊण तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो. त्यामुळे रंग लवकर सुकतो आणि चमकत नाही. मग वाटाण्याएवढा रंग, दोन भाग अंबर आणि एक भाग काळा, आणि त्यात दोन-तीन मिलिलिटर टर्पेंटाइन. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पाहा: कोऱ्या चहाचा रंग दिसला की बरोबर.

शून्य नंबरचा टोकदार ब्रश वॉशमध्ये बुडवा, कडेला टेकवून जास्तीचा काढा आणि टोक फक्त दरवाजाच्या सांध्याला लावा. वॉश केशाकर्षणाने सांध्यातून स्वतः पळत जातो. संपूर्ण बाजूवर ब्रश फिरवायची गरज नाही. वीस ते तीस मिनिटं थांबा. मग चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये ओला करून कापडावर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली, फक्त वरून खाली, ओढा. पाणी ज्या दिशेने वाहतं तीच दिशा. एकदा जरी आडवा फिरला तरी त्या जागी मळ आडवा वाहिलेला दिसतो आणि सगळा परिणाम जातो.

काजळीचे ओघळ याच रंगाने, पण घट्ट मिश्रणाने द्या: हुडच्या वरच्या कडेला सुईच्या टोकाएवढा ठिपका, पाच मिनिटांनी कोरडसर चपट्या ब्रशने खाली ओढलेला. ठिपका मोठा झाला तर काडीवरच्या कापसाने टिपून घ्या, घासू नका.

निळा रंग उन्हाने विटलेला दाखवायचा असेल तर वॉशच्या आधी पांढऱ्याचे आणि ऑकरचे अगदी बारीक ठिपके बाजूवर पेरून तेही असेच खाली ओढा, जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत. क्रीम पट्ट्यावर पांढरा वापरू नका, तिथे नुसतं ऑकर.

सुकण्याबद्दल: अंबरमध्ये मँगॅनीज असतं, ते सुकण्याला वेग देतं. लॅम्प ब्लॅक फार हळू सुकतो. म्हणून काळा एकटा वापरू नका, अंबरच्या आधारानेच वापरा. पावसाळ्यात तीन-चार दिवस धरा. नाकाला टर्पेंटाइनचा वास येतोय तोवर पुढचं वार्निश देऊ नका. दोन खिडक्या उघड्या ठेवून काम करा आणि टर्पेंटाइनचे बोळे झाकणाच्या डब्यात टाका.

---

पत्र्याची_शेड

वरच्या सगळ्या गोष्टी पटल्या, पण गंज कोणीच सांगितला नाही. किनारपट्टीवरचं इंजिन आहे, खारा वारा आहे. पत्र्याच्या कडेला, चिमणीखाली, फुटप्लेटवर गंजाचे मोठे पोपडे दाखवले तर कोकण लगेच ओळखू येईल. आणि पिगमेंट पावडरी विकत कशाला आणायच्या? कटिंगमधली जांभ्याची माती वस्त्रगाळ करून थेट बोगीवर लावावी. खरा रंग, शून्य खर्च.

---

शंटर६७

पत्र्याची_शेड, दोन्ही मुद्द्यांवर माझं मत वेगळं आहे.

गंजाचं आधी. कोकण रेल्वे किनाऱ्याला चिकटून जात नाही. खाड्या ओलांडते, पण बराचसा मार्ग आतून, डोंगर पोखरत जातो. दुसरं, चालू सेवेतलं इंजिन ठरावीक मुदतीत शेडमध्ये आणि कारखान्यात जातं, पत्रे दुरुस्त होतात, रंग होतो. पोपडे सुटलेलं इंजिन भंगाराच्या रुळावर दिसेल, गाडीला लागलेलं दिसणार नाही. चालू इंजिनावर गंज असतो, पण जिथे बूट आणि हात रोज घासतात तिथे: पायऱ्यांच्या कडा, फुटप्लेटच्या कोपऱ्यावरचा रंग उडालेला भाग, साखळी अडकवायचे आकडे, सीबीसी कपलिंग (डबे जोडणारा जबडा). कपलिंग तर बिनरंगाचं लोखंडच असतं. ते एक्सएफ-६४ ने रंगवा, आणि जिथे जबडा जबड्याला घासतो तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन लावा, लोखंडाची चकाकी येते.

रंग उडालेल्या कडांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिमट्यात धरा, गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर बराचसा टेकवून काढा आणि उरलेला कडेला टिपा. चांदी रंग वापरू नका. एवढ्या लहान मापात चांदीचा ठिपका खराखुरा मोजला तर तळहाताएवढा उघडा पत्रा होतो.

मातीचं कारण जास्त गंभीर आहे. जांभ्याच्या मातीत लोहाची संयुगं भरपूर, आणि त्यातले काही कण चुंबकाला ओढले जातात. वस्त्रगाळ माती कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवून पाहा: बरेचदा काही कण उठून चुंबकामागे चालायला लागतात. इंजिनात मोटरचं चुंबक आहे, आवाजाचा डिकोडर (इंजिनातली नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक पाटी) असेल तर स्पीकरचंही आहे. हे कण तिथे जाऊन बसतात. शिवाय माती कितीही गाळली तरी तिच्यात बारीक कठीण कण राहतात. ते गिअरच्या ग्रीसमध्ये शिरले की सँडपेपरचं काम करतात. जांभ्याची माती कटिंगवर, फलाटामागे, रस्त्यावर खुशाल वापरा, तिथे तिच्याइतकं सुंदर काही नाही. इंजिनावर आणि रुळांच्या मध्ये नको.

इंजिनासाठी सुके सॉफ्ट पेस्टल घ्या. शाळेतले तेलकट ऑइल पेस्टल नव्हेत, ते किसले जात नाहीत. काळा, बर्न्ट सिएना, ऑकर, करडा असे चार खडू ब्लेडने खरवडले की वर्षभर पुरेल एवढी पूड निघते. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा गेरू हाही चालतो, पण त्याच्यावरूनही आधी चुंबक फिरवा, आणि तो ऑकरमध्ये मिसळूनच वापरा, एकटा फार भडक दिसतो.

---

जांभाकटिंग

खूप उपयोगी. कपलिंग आणि बोगी सांगितल्याप्रमाणे केली, फोटो शेजारी ठेवून पाहिलं तर मेळ बसतो आहे.

अडचण वार्निशची. स्प्रे कॅनमधलं मॅट लॅकर वार्निश टाकाऊ बॉडीवर मारून पाहिलं. बाहेर पाऊस होता. पाच मिनिटांत सगळ्या बाजूवर दुधट पांढरी झाक आली. कॅन नीट हलवला होता. खऱ्या बॉडीवर असं झालं तर? आणि पावडर लावल्यावर वार्निश मारलं की पावडर गायब होते, ते का?

---

अंबर_आणि_थिनर (रत्नागिरी)

पांढरी झाक म्हणजे बाष्प. लॅकरमधलं द्रावक फार झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा आधीच ओली असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव पडतं आणि सुकणाऱ्या थरात अडकतं. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता नव्वद टक्क्यांवर सहज जाते, तेव्हा हे टाळणं कठीण. साधा आर्द्रतामापक घ्या. ६५ टक्क्यांच्या वर लॅकर मारायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. वातानुकूलित खोली असेल तर अर्धा तास आधी यंत्र चालू करा, आर्द्रता बरीच खाली येते. फवारताना मात्र ते बंद ठेवा, आणि तोंडाला द्रावकाच्या वाफा अडवणारा मास्क लावा.

झालेली झाक काढायची तर कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा अगदी हलका ओलसर हात लांबून द्या. आधीचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि झाक बऱ्याचदा पूर्ण जाते. कापडाने पुसू नका. झाकेबरोबर खरखरीतपणाही जाणवत असेल तर ती बाष्पाची नाही. वार्निशचे थेंब मॉडेलवर पोचायच्या आधीच हवेत सुकलेत. तेव्हा अंतर कमी करा, वीस-पंचवीस सेंटिमीटर पुरे.

पावसाळ्यात काम थांबवायचं नसेल तर पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक मॅट वार्निश ब्रशने द्या. ते असं पांढरं पडत नाही, फक्त सुकायला वेळ घेतं. त्यातली मॅट करणारी पूड तळाशी बसते, म्हणून बाटली दोन मिनिटं हलवा, आणि एकाच जागी दोनदा ब्रश फिरवू नका. खाचेत साचलं तर ते वार्निशही पांढरं दिसतं.

सुकवण्यासाठी प्लास्टिकचा झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. काही जण पेटीत पिवळा बल्ब लावून सुकवतात. तुमची बॉडी पीएलए या प्लास्टिकची प्रिंट असेल तर ते करू नका: पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ होतं आणि हुडची लांब बाजू केळ्यासारखी वाकते. रेझिन प्रिंटलाही सततची उष्णता चांगली नाही. आणि ताज्या लॅकरच्या वाफा असताना गरम बल्ब तर कुठल्याही बॉडीला नको, पेट घेऊ शकतो.

पावडर गायब होण्याचं कारण असं की कोरड्या पुडीचा प्रत्येक कण हवेने वेढलेला असतो, म्हणून तो फिका आणि मॅट दिसतो. वार्निश त्या फटी भरतं, कण गडद आणि पारदर्शक होतात. त्यात स्प्रेचा जोर काही पूड उडवून नेतो. उपाय दोन. पहिला: पावडर लावा, लांबून दोन हलके फवारे, सुकू द्या, पुन्हा पावडर, पुन्हा फवारा. दुसरा हात पहिल्यापेक्षा चांगला धरतो, कारण आता खाली खरखरीत मॅट थर आहे. दुसरा उपाय: जिथे बोट लागत नाही तिथे, म्हणजे चिमणीच्या तोंडाशी, माथ्याच्या मधल्या भागात, बोगीच्या आत, शेवटची पावडर वार्निशशिवायच सोडा. उचलताना इंजिन फुटप्लेटच्या कडेला धरा. खरी काजळी जशी मखमली दिसते तशी फक्त अशीच येते.

ओल्या चिखलाची चमक मात्र सगळं मॅट झाल्यावर, अगदी शेवटी: सॅटिन वार्निशमध्ये अंबरचा स्पर्श, स्प्रिंगखाली आणि टाकीच्या तळाशी पाच-सहा ठिकाणी.

---

टू_रेल

विजेचा प्रश्न मागे पडला, तो घेतो. वेदरिंगनंतर (मळ चढवण्याच्या कामानंतर) इंजिन अडखळतं त्यातली बहुतेक प्रकरणं तीन जागी सापडतात: चाकाची धाव (रुळाला टेकणारी कड), चाकाच्या मागे टेकणाऱ्या पितळी पट्ट्या, आणि अॅक्सलच्या टोकाची खाच.

काम सुरू करायच्या आधी इंजिन अगदी मंद वेगाने सरळ आणि उलट चालवून पाहा. आधीच अडखळत असेल तर तो दोष नंतर रंगावर ढकलला जातो. बोगी-फ्रेम बहुधा खटक्याने निघतात. त्या काढून वेगळ्या रंगवा, मग आत काही जाण्याचा प्रश्नच उरत नाही. फ्रेम निघत नसेल तर पितळी पट्ट्यांवर मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावा, फवारा बाहेरून आडवा मारा, खालून वर कधीही नको.

चाकांची बाहेरची बाजू रंगवायची तर इंजिन उलटं फोमवर ठेवा, दोन तारांनी पट्ट्यांना वीज द्या आणि चाक सावकाश फिरत असताना ब्रश फक्त टेकवा. रंग गोल आणि सारखा बसतो, एकही जागा कोरडी राहत नाही. धावेवर गेलेला रंग सुकायच्या आधी काडीवरचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसा. अल्कोहोलची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग रंग पुसण्याऐवजी पसरवतं. सुकलेला रंग सँडपेपरने घासून काढू नका. धावेवर ओरखडे पडतात, ओरखड्यांत मळ साठतो आणि पुढे दर आठवड्याला चाकं साफ करावी लागतात. लाकडी काडीचं टोक पुरतं.

वर पेन्सिलीच्या शिशाचा उल्लेख आहे. ग्राफाइटमधून वीज वाहते. कपलिंगवर, कठड्यांवर ठीक, पण डिकोडरच्या पाटीजवळ आणि दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये त्याची पूड पडू देऊ नका.

डिकोडर असेल तर बॉडी वेगळी करूनच फवारा. स्पीकरच्या जाळीवर वार्निश बसलं तर आवाज घोगरा होतो आणि तो परत येत नाही. सगळं जोडल्यावर इंजिन दहा मिनिटं एका बाजूने, दहा मिनिटं दुसऱ्या बाजूने चालवा, मग पुन्हा चाकं पुसा. पहिल्या फेऱ्यांत सुटी पावडर पडतेच, ती रुळावर राहू देऊ नका.

---

पत्र्याची_शेड

चुंबक फिरवून पाहिलं. कण खरंच मागे चालतात. माती कटिंगसाठी ठेवतो.

माझा लेआउट २०२२ नंतरचा आहे, पूर्ण मार्गावर विद्युतीकरण झाल्यानंतरचा. डब्ल्यूएजी-९ या विजेच्या इंजिनाला हेच सगळं लागू का?

---

शंटर६७

खालचा अर्धा भाग तोच, माथा पूर्ण वेगळा. विजेच्या इंजिनाला धूर नाही, म्हणून काळ्या काजळीचे ओघळ त्यावर दिले तर ते खोटं. तिथे पँटोग्राफच्या वरच्या पट्टीतल्या कार्बनची आणि तारेच्या तांब्याची पूड पडते. पँटोग्राफच्या चौकटीखाली आणि आजूबाजूला तपकिरीकडे झुकणारा काळसर करडा थर, टोकांकडे विरत जाणारा. काळा पेस्टल तीन भाग, बर्न्ट अंबर एक भाग असं मिश्रण घ्या. इन्सुलेटर मात्र स्वच्छ ठेवा, त्यांच्यावर मळ साचला तर त्यावरून वीज उतरते, म्हणून शेडमध्ये ते पुसतात. मळक्या माथ्यावर स्वच्छ इन्सुलेटर दिसले की इंजिन चालू सेवेतलं वाटतं.

हिरव्या रंगावर मळ निळ्यापेक्षा कमी उठतो. त्यामुळे वॉशमध्ये काळा वाढवायचा मोह होतो, तो टाळा आणि ऑकर वाढवा. क्रीम पट्ट्यावर मळ आधी दिसतो, म्हणून वॉश तिथूनच सुरू करा. पट्ट्यावर पुरेसं दिसलं की हिरव्यावर थांबा.

जांभाकटिंग, तुमच्यासाठी एक राहिलं. इंजिन पूर्ण करायच्या आधी मागचे दोन डबे शेजारी उभे करा. इंजिनाच्या बोगीवरचा तपकिरी आणि डब्यांच्या बोगीवरचा तपकिरी एकाच वाटीतला हवा, कारण दोघंही एकाच रुळावरून चालले आहेत. मिश्रण एकदाच जास्त करा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत, तारीख आणि प्रमाण लिहून ठेवा.

---

जांभाकटिंग

मिश्रण तीस मिलिलिटर करून ठेवलं आहे. ठेवणीचं एकच विचारतो: पावसाळ्यात इंजिन खोक्यात परत ठेवायचं की बाहेर?

---

अंबर_आणि_थिनर (रत्नागिरी)

पहिले दोन आठवडे खोक्यातल्या फोमला टेकवू नका. ऑइल कलर वरून सुकला तरी आतून ओला असतो. फोम त्याला चिकटतो आणि त्याच्या छिद्रांचा ठसा कायमचा उमटतो. तोवर पारदर्शक झाकणाखाली, सिलिका जेलबरोबर. नंतर खोक्यात ठेवताना फोमला आतून साधा टिश्यू नको, तो पावडर ओढतो. पातळ गुळगुळीत प्लास्टिकचा कागद लावा. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की कढईत मंद आचेवर, उघड्या खिडकीजवळ, गरम करून पुन्हा वापरता येतं. ती कढई मग स्वयंपाकाला घ्यायची नाही. महिन्यातून एकदा खोकं उघडून डेकल्सच्या (चिकटवलेल्या अक्षरं-चिन्हांच्या) कडा पाहा. पांढरी बुरशी धरते ती तिथूनच, आणि लवकर दिसली तर अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेल्या ब्रशने नुसती टिपून निघते. त्यानंतर त्या जागी वार्निशचा एक हात द्या.